आंब्याचा घाट आणि तांबडा दिवा

साखरपे मागे पडले की रस्त्याची मान वर होते. कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटांमध्ये आंबा घाटाइतका सभ्य घाट मला तरी दुसरा ठाऊक नाही. अणुस्कुऱ्यासारखा तो अंगावर धावून येत नाही. वळणे घेतो ती पाहुण्याला जिना दाखवावा तशी. पाच-सहा वळणांनंतर दरीत मागे राहिलेली कौले एकदा दाखवतो, पुन्हा झाडी ओढून घेतो. डिसेंबरात सकाळी निघावे. खाली अंगाला चिकटलेली दमट हवा वर आंबा गावाशी येईतो कोरडी, करकरीत झालेली असते आणि चहाच्या टपरीवर कपाभोवती दोन्ही हात धरून उभे राहावेसे वाटते. तिथून उजव्या हाताला विशाळगडाची वाट फुटते. बाजीप्रभूंची खिंड त्याच रानात. सरळ गेले की मलकापूर, बांबवडे, आणि मग उसाची शेते रस्त्याला खेटून उभी.

डिसेंबर 2023 मध्ये हा घाट मी चढलो तो मामांच्या गाडीतून. गाडी म्हणजे 1986 सालची प्रीमियर पद्मिनी, रंगाने दुधी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली होती, आणि वर्तमानपत्रांतून तिच्यावर हळवे लेख छापून आले होते. मामांना त्यांचे नवल वाटले. "जिवंत माणसाचा मृत्युलेख वाचतोय असं वाटलं रे," ते म्हणाले. मामा एकोणऐंशी वर्षांचे. साखरप्याजवळच्या खेड्यात ते आणि मामी दोघेच राहतात. चिरंजीव दुबईला. मामींच्या डोळ्यात दर महिन्याला एक इंजेक्शन द्यावे लागते आणि ते देणारे डॉक्टर कोल्हापुरात. म्हणजे दर महिन्याला हा घाट एकदा चढणे आणि एकदा उतरणे आलेच. नव्या मोटारींत मामींना बसता येत नाही. त्यांचे गुडघे वाकत नाहीत आणि त्या गाड्यांत, त्यांच्या शब्दांत, "विहिरीत उतरल्यासारखं" बसावे लागते. पद्मिनीची पुढची बैठक बाकासारखी सलग आणि उंच. मामी तिच्यावर माजघरातल्या पाटावर बसावे तशा बसतात.

नाताळच्या सुट्टीत मी पुण्याहून गेलो होतो, म्हणून त्या खेपेला चाक माझ्या हाती आले. घाटाच्या माथ्यावर एका मालट्रकने वाट अडवली. दुसऱ्या गिअरात बराच वेळ चढून आलेली गाडी मी थांबवली, इंजिन मंद चालू ठेवले, आणि समोरच्या पट्टीवर एक तांबडा दिवा मिणमिणू लागला. ॲक्सिलरेटरवर किंचित पाय ठेवताच तो विझला. पाय काढताच पुन्हा लागला.

"तो असाच आहे," मामा म्हणाले. "दिवाळीपासून लागतो आणि विझतो. तेल मी रोज बघतो, एक थेंब कमी होत नाही. ही माझी वही बघ!"

मामांची वही हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. 1986 पासून गाडीत घातलेले प्रत्येक लिटर पेट्रोल तिच्यात तारीखवार नोंदलेले आहे. गेल्या तीन महिन्यांच्या रकान्यात, तेलाच्या पातळीपुढे, त्यांनी समाधानाने लिहिले होते: 'कमी नाही. उलट किंचित अधिक.'

रत्नागिरीच्या एका गॅरेजात त्यांनी हा दिवा दाखवला होता. तिथल्या माणसाने दाट तेल ओतले, वरून कसल्याशा औषधाचा एक डबा रिकामा केला आणि सल्ला दिला की इंजिन संपले, गाडी भंगारात घाला. चिरंजीवांचेही दुबईहून तेच मत. दर पाच वर्षांनी होणारे नोंदणीचे नूतनीकरण 2026 मध्ये येणार, त्याआधीच व्यवहार उरकून टाकावा, असे त्यांनी सुचवले होते. मामांनी ना विरोध केला होता, ना होकार दिला होता. पण एकदा माथ्यावर चहा पिताना ते हळूच म्हणाले, "घाटात इंजिन धरलं तर हिला घेऊन मी कुठं उभा राहू, एवढंच सांग."

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला कोल्हापुरात मिळाले. डॉक्टरांकडचे काम आटोपल्यावर आम्ही गाडी शिवाजी उद्यमनगरात नेली.

कोल्हापूरला येणारा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर वारा खातो, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची वाटी रिचवून नाक पुसतो आणि चपला घेऊन परत जातो. उद्यमनगर त्याच्या वाटेत येत नाही. आले तरी तो नाकाला रुमाल लावून पुढे जाईल, कारण तिथे देखणे असे काही नाही. पत्र्याच्या शेडी, दारात पडलेली लोखंडाची कुरळी कातरण, ओतशाळेतल्या वाळूचा करपट वास आणि दिवसभर चालणारे लेथचे एकसुरी गाणे. पण या शहराचा स्वभाव मला देवळापेक्षा इथे जास्त कळतो. उसाच्या चरकापासून, विहिरीवरच्या पंपांपासून आणि तेलाच्या इंजिनांपासून हे हात तयार झाले. बाहेरून आणलेली वस्तू बिघडली की ती परत पाठवायची नाही, खोलायची, आणि जमले तर तशीच दुसरी करायची! बाबूराव पेंटरांनी ज्या कॅमेऱ्याने 1920 चा 'सैरंध्री' हा मूकपट घेतला, तो कॅमेराही याच गावात त्यांनी स्वतः घडवला होता.

आमचे मिस्त्री सत्तरीचे, डोक्याला पांढरी टोपी, खिशाला मायक्रोमीटर. त्यांनी बॉनेट उघडले नाही. आधी गाडीत बसून किल्ली फिरवली, इंजिन चालू केले नाही, आणि तांबड्या दिव्याकडे पाहिले.

"लागला. म्हंजी तार शाबूत हाय," ते म्हणाले. "लई लोक जुनी गाडी इकताना ही तारच काढत्यात सर. दिवा लागंना म्हणून घेणारा खूश!"

जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या वाचकांनी हे एवढे एक वाक्य टिपून ठेवावे. इंजिन सुरू होण्याआधी तो दिवा लागलाच पाहिजे.

मग त्यांनी तेलाची कांडी ओढली, बोटावर तेल घेतले आणि ते नाकाशी नेले. मला वाटले, आता तपकीर ओढल्यासारखे करतील. त्यांनी बोट मामांच्या नाकापुढे धरले. "काका, वास घ्या."

"पेट्रोल!" मामा म्हणाले.

"तेल वाढत न्हाई कधी. वाढलं तर समजायचं, घरात कुणीतरी शिरलंय."

या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या अंगालाच असतो आणि त्यात कापडी रबराचा एक पडदा खालीवर होत असतो. त्या पडद्याला सुईएवढे छिद्र पडले की पेट्रोल आतल्या आत तेलात ठिबकते. तेल पातळ होत जाते आणि कांडीवरची खूण मात्र वर चढते. मामांच्या वहीतला तो समाधानाचा रकाना म्हणजे आजाराची टिपणे होती. मामा बराच वेळ वही मिटून हातात धरून उभे होते.

माझी कल्पना होती की रोग सापडला, आता पडदा बदलायचा आणि निघायचे. मिस्त्री मात्र घाईत नव्हते. दिव्याचे ज्ञान फार थोडे असते, असे त्यांचे म्हणणे. दाब एका ठरावीक आकड्याखाली गेला की दिवा लागतो. पण किती खाली गेला, का गेला, हे त्याला सांगता येत नाही. कधी तर दिव्याचा स्विचच खराब असतो. म्हणून त्यांनी तो स्विच काढला आणि त्याच भोकात नळी लावून घड्याळ्यासारखा दाबमापक बसवला. गाडी अर्धा तास फिरवून आणून पुरती तापवली. गार इंजिनाचा आकडा घ्यायचाच नाही का, असे मी विचारले. ते म्हणाले, "गार तूप डब्यातनं पडतंय का? तापल्यावरच खरं कळतंय." मंद गतीला काटा 4 पौंडांवर आला, आणि मिनिटाला 2000 फेऱ्यांवर 15 पर्यंत चढला. पौंड म्हणजे चौरस इंचावरचा दाब. अशा इंजिनांबद्दल जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे की, दर हजार फेऱ्यांमागे 10 पौंड तरी हवेत.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण तेलाच्या दाबाबद्दल माझीही समजूत बहुतेकांसारखीच होती, की पंप दाब तयार करतो. मिस्त्री म्हणाले, पंप नुसते तेल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढे अडवणूक असेल तर. मला आमचा पुण्यातला वाडा आठवला. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांनी सगळे नळ सोडले की आमच्या माडीवरच्या नळाला नुसती फुसफुस यायची. टाकी तीच, नळही तेच. पाणी वाटेतच गळून जायचे. इंजिनात हे नळ म्हणजे बेअरिंगा. क्रँक हा इंजिनाचा कणा. तो ज्या कड्यांत फिरतो त्या मेन बेअरिंगा, आणि पिस्टनचे दांडे त्याला जिथे धरतात त्या बिग एंडच्या. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये फट लागते ती केसाहूनही बारीक. क्रँकच्या जाडीच्या दर इंचामागे साधारण एक सहस्रांश इंच. उद्यमनगरात याला एक 'थाऊ' म्हणतात. माणसाचा केस अडीच-तीन थाऊ जाडीचा असतो, यावरून अंदाज यावा. झिजून ही फट वाढली की तेल तिच्यातून बाहेर पळते. आणि यातली खरी मेख अशी की फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणूनच गाडी वर्षानुवर्षे ठीक चालते आणि मग एका दिवाळीपासून तिचा दिवा लागू लागतो.

या फटीतल्या तेलाची एक गोष्ट मी पुढे वाचनालयात शोधून काढली. बोचँप टॉवर नावाच्या एका इंग्रज इंजिनियराने तिथल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी बेअरिंगांच्या घर्षणावर प्रयोग केले. 1883 साली त्याचा पहिला अहवाल निघाला. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर दांडा फिरू लागताच त्यातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडाची खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर आली. अखेर दाबमापक लावला तो 200 पौंडांच्या पलीकडे गेला. फिरणारा दांडा आपल्याबरोबर तेल ओढून पाचरीसारखे खाली घालतो आणि स्वतःच त्यावर तरंगतो, हे 1886 मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्सने गणिताने दाखवले. पंपाचे काम त्या पाचरीला तेल पुरवत राहण्याचे. पुरवठा आटला की दांडा धातूवर टेकतो आणि मग आवाज सुरू होतो.

तो आवाज मिस्त्री ऐकू लागले. हातभर लांबीचा पेचकस घेऊन त्याचे पाते इंजिनाला आणि मूठ कानाला. वैद्याची नळी यापुढे काय! वरून येणारी हलकी टिकटिक टॅपेटची, तिला भिऊ नये. गार असताना खडखडणारा आणि तापल्यावर गप्प बसणारा आवाज पिस्टनचा, तोही काही काळ चालतो. मेन बेअरिंगचा ठोका जड, पोटातून येणारा, चढावर भार पडला की जास्त. बिग एंडचा त्याहून धारदार, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की स्पष्ट. मिस्त्रींनी पोराला एकेका प्लगची टोपी काढायला सांगितले. पहिली काढली, दुसरी काढली, इंजिन नुसते लंगडले. तिसरी काढताच ठोका दबला. त्या सिलिंडरातला स्फोट बंद झाला, दांड्यावरचा भार गेला, म्हणून ठोका गेला. "तीन नंबर," मिस्त्री म्हणाले आणि पेचकस खाली ठेवला.

तरी त्यांनी इंजिन खोलले नाही. आधी पंपाचा पडदा बदलला, पातळ झालेले तेल काढून 20-50 चे नवे भरले, आणि पुन्हा तापवून आकडे घेतले. मंद गतीला 8, 2000 फेऱ्यांवर 22. पेट्रोलचा वाटा किती आणि झिजेचा किती, हे शेकडा अमुक असे सांगता येण्याइतके उघड झाले. दिवा आता लागत नव्हता. एखाद्याने इथेच गाडी ताब्यात दिली असती, मामांनी आनंदाने पैसे मोजले असते, आणि ठोका तसाच घाटात परत गेला असता. मला मिस्त्रींच्या कसबापेक्षा या जागी त्यांचे थांबणे मोठे वाटले.

मग गाडी खड्ड्यावर घेतली, फाउंडेशनचे बोल्ट सैल करून इंजिन जरा उचलले आणि चेंबर उतरवले. तळाशी राखाडी, चकचकीत गाळ होता. मिस्त्रींनी त्यातून लोहचुंबक फिरवला. जवळजवळ काहीच चिकटले नाही. "लोखंड न्हाई. बेअरिंगचंच हाय हे." तेल ओढणारी जाळी अर्धी बुजलेली होती. पंपाच्या दातांमधली फट पात्यांनी मोजली, ती बरी निघाली. दाब सोडणारी स्प्रिंगही ताठ होती. तीन नंबरचे बिग एंड सुटे केले. बेअरिंग म्हणजे पोलादी पाठीचे दोन अर्धगोल पत्रे. त्यांवर तांब्याच्या मिश्रधातूचा थर आणि सगळ्यांत वर शिसे-कथलाचा करडा, मऊ मुलामा. या पत्र्याचा करडा मुलामा पुसून गेला होता आणि खालचे तांबे पहाटेच्या आभाळासारखे दिसत होते. मी तसे म्हटलेही. मिस्त्रींनी माझ्याकडे दयेने पाहिले.

"आणि म्हयना-दोन म्हयनं चालली असती," ते मामांना म्हणाले. "मग धरली असती. कुठं, ते काय सांगावं?"

मामांनी चिरंजीवांना फोन लावला नाही. "बांधा," एवढेच म्हणाले.

आमच्या भाषेत घर बांधतात, पुस्तक बांधतात, पूल बांधतात, आणि गॅरेजात इंजिन बांधतात. ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा इंजिनाला लावला, त्याला मी आमच्या विभागात सन्मानाने व्याख्यान द्यायला बोलावले असते.

चार दिवस आम्ही कोल्हापुरात राहिलो. मामी एका नातलगांकडे निवांत होत्या. मी आणि मामा रोज उद्यमनगरात. क्रँक घासण्याचे काम चार शेडी पलीकडे होते. क्रँकची पिने मध्यावर नसतात, म्हणून तो तिरका धरून असा फिरवतात की हवे ते पिन बरोबर स्वतःभोवती फिरावे. वर ताटाएवढे घासणीचे चाक, त्यावर ताकासारख्या पांढऱ्या पाण्याची धार. तीन नंबरचे पिन अंडाकृती झाले होते. एका बाजूने मोजले आणि काटकोनात मोजले तर अडीच थाऊंचा फरक. सगळी पिने 20 थाऊने उतरवली आणि त्या मापाच्या बेअरिंगा आणल्या. घासणाऱ्या कारागिराने दोन गोष्टींवर फार वेळ घालवला. पिन जिथे क्रँकच्या गालाला मिळते तो कोपरा त्याने गोलसरच ठेवला, कारण तो काटकोनी झाला तर क्रँक तिथेच तुटतो. आणि तेलाच्या भोकांतून तारेचा कुंचला आणि रॉकेल पुन्हापुन्हा फिरवले. घासणीची भुकटी आत राहिली तर नवी बेअरिंग ती आठवड्यात खाईल.

बांधताना मिस्त्रींनी प्रत्येक बेअरिंगमध्ये मेणासारखा हिरवा दोरा ठेवला, टॉर्क पान्याने बोल्ट आवळले, पुन्हा सोडले, आणि चिरडून पसरलेल्या दोऱ्याची रुंदी कागदावरच्या पट्ट्यांशी ताडून पाहिली. जितका रुंद, तितकी फट कमी. एका मेन बेअरिंगची टोपी त्यांना पटली नाही; ती पुसून त्यांनी पुन्हा बसवली आणि पुन्हा मोजली. मामा हे सगळे वहीत उतरवून घेत होते. पिनाचे माप, बेअरिंगचे माप, दोऱ्याची रुंदी.

पाचव्या दिवशी इंजिन चालू झाले. अर्धा तास तापवल्यावर दाबमापक लावला. मंद गतीला 20, 2000 फेऱ्यांवर 45. मिस्त्रींनी पेचकस कानाला लावला, मग मामांच्या कानाला, मग माझ्या. आत एखादी शिवणयंत्रासारखी सळसळ होती. मामींना आणायला मी निघालो तेव्हा मिस्त्री मामांना पथ्ये सांगत होते: पहिले 500 किलोमीटर चाळिसाच्या वर जायचे नाही, चढावर इंजिन रगडायचे नाही, 500 झाले की तेल बदलायचे, आणि रोज कांडी काढली की आधी वास घ्यायचा.

"आणि घाट?" मामांनी विचारले.

"उतरताना काय न्हाई. पुढच्या म्हयन्यात चढून या, आंब्याला धा मिनटं थांबा, च्या प्या, तिला मंद चालू ठेवा आणि दिव्याकडं बघत बसा."

मामांनी तेही लिहून घेतले.